सहा चेंडूंचा हिशेब

२३ सप्टेंबर २०२२, शुक्रवार. नागपूरजवळ जामठ्याला भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी. मी वाहतूक शाखेत हवालदार, पॉइंट वर्धा रोडवर, स्टेडियमकडे वळतात तिथेच. दुपारपासून उभा.

मॅच सातची. पण आधीच्या पावसानं मैदान ओलं, टॉसच होईना. आत अंपायर गवत दाबून पाहात होते आणि बाहेर लोक आम्हाला धरून विचारत होते, "साहेब, होते का नाही बाप्पा?" जसं काही मैदान मीच पुसून देणार होतो. काही जण कंटाळून परत निघालेले, काही आत्ताच नागपुरातून येतायत. येणारे-जाणारे एकाच तोंडाशी. असा घोळ कुठल्याच बंदोबस्ताच्या कागदावर नसतो.

शेवटी सव्वानऊला टॉस झाला, साडेनऊला खेळ. वीसची आठ षटकं झाली. लोक खूश, आमच्या साहेबांचा चेहरा मात्र पडला. पूर्ण मॅचमध्ये पारडं कुठं झुकतंय ते दिसलं की शेवटच्या चार-पाच षटकांपासून माणसं उठायला लागतात. स्टेडियम हळूहळू गळतं, रस्ता ते झेपवतो. आठ षटकांच्या मॅचमधून कोण उठणार? स्टेडियमची क्षमता ४५ हजारांच्या आसपास, आणि हा काही नुसता मॅचचा रस्ता नाही. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे, बुटीबोरीच्या एमआयडीसीच्या पाळ्या याच रस्त्यानं सुटतात.

ऑस्ट्रेलियाच्या ९० झाल्या. आपल्या डावात आतून आरडाओरडा आला की आम्ही समजायचो, रोहितनं हाणला.

शेवटच्या षटकात ९ हव्या होत्या. बुटीबोरीकडून येणारी वाहनं बराच वेळ अडवून ठेवलेली, त्यांची रांग लांबत चाललेली. वायरलेसवर ठरलं: सहा चेंडू आहेत, चार-पाच मिनिटं तरी जातील, तेवढ्यात एक खेप काढून घेऊ. मी हात दाखवला. गाड्या सुटल्या.

पहिल्याच चेंडूला गर्जना. मागोमाग दुसरी, आणि ती थांबेचना. दिनेश कार्तिकनं सहा आणि चार मारून दोन चेंडूंत विषय संपवला होता! माझी खेप अर्धी गेली होती, अर्धी गेटसमोर. तिच्यात चंद्रपूरची एसटी, आणि गेटातून माणसांचा लोंढा.

अशा वेळी शिट्टीचा काही उपयोग नसतो. गर्दीसमोर आडवं उभं राहिलं तर मागचे रेटतात आणि पुढचे पडतात. आम्ही पाच जणांनी बॅरिकेडचा दोर सोडवला आणि तिरपा धरला, म्हणजे माणसं दोराला लागून आपोआप कडेनं सरकतात. एसटीला इंजिन बंद करायला सांगितलं, आतले दिवे लावायला लावले. अंधारात गुरगुरणाऱ्या गाडीला लोक बिचकतात. दिवे लागल्यावर खिडकीत झोपलेलं पोर, पिशव्या घेतलेल्या बाया दिसल्या आणि पोरं स्वतःच ओरडायला लागली, "अबे सरका, एसटीले जाऊ द्या!"

पंचवीस मिनिटं लागली तिला शंभर पावलं जायला. माझ्याजवळून जाताना ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. मला वाटलं, आता शिव्या.

"कोणी मारले जी शेवटचे?"

"कार्तिकनं, म्हणतात."

"हौ का!" म्हणाला आणि गिअर टाकला.

रस्ता मोकळा झाला, पण पार्किंग बाकी होतं. वावरातल्या पार्किंगमध्ये मुरूम टाकायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी तो तोंडाशीच टाकला होता. आत पावसानं फुगलेली काळी माती. कार जागच्या जागी चाक फिरवायच्या आणि आणखी रुतायच्या. गावातून एक ट्रॅक्टर आणवला. तो एकेक गाडी दोरानं ओढून काढत होता. दोर तोच, मघाचा.