आपत्तीतल्या मुलांसाठीचं प्रशिक्षण: माझा अनुभव

मी कॅज्युअल्टीत मोठ्या माणसांवर उपचार करणारी डॉक्टर. पण भूकंप झाला, पूर आला की जखमी मुलं बालरोगतज्ज्ञ शोधत बसत नाहीत. जवळ जे रुग्णालय असेल तिथेच त्यांना उचलून आणतात. म्हणून हे प्रशिक्षण मी स्वतः मागून घेतलं.

पहिली व्याख्यानं शरीरशास्त्राची. १० किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सुमारे ८०० मिली, म्हणजे थोडंसं गेलं तरी ते फार होतं. त्यात मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. तेव्हा मशीनवरच्या आकड्यावर न विसंबता हातपाय गार पडलेत का, नाडी पळतेय का, हे आधी बघायचं. क्लोरीनसारखा जड वायू जमिनीलगत साचतो, नेमका मुलांच्या नाकापाशी. हे ऐकून मी सुन्न झाले.

खरा कस लागला ट्रायाजमध्ये, म्हणजे कुणावर आधी उपचार करायचे हे ठरवण्यात. आम्हाला जंपस्टार्ट पद्धत शिकवली, डॉ. लू रोमिग यांनी ती १९९५ साली खास मुलांसाठी बसवली. मोठ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास आला नाही, तर काळा टॅग (वाचण्याची आशा नाही) लावून पुढे जायचं. मुलांमध्ये बहुतेकदा आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून नाडी लागत असेल तर ५ श्वास द्यायचे. स्वतःहून श्वास सुरू झाला तर लाल टॅग, म्हणजे तातडीने उपचार, नाही तर काळा. मॉक ड्रिलमध्ये मी पुतळ्याला पाच श्वास दिले, श्वास सुरू झाला नाही, आणि प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, पुढचं मूल." पुतळाच होता, तरी हात निघेना. हा सराव आधी झालेला असणं किती गरजेचं आहे, ते मला तिथे पटलं.

एकट्या सापडलेल्या मुलांच्या टेबलावर तर मी सर्वांत जास्त शिकले. तिथे मुलाचा फोटो, अंगावरचे कपडे, कुठे सापडलं, कुणी आणलं, सगळं लिहून मनगटाला पट्टी बांधायची. ड्रिलमध्ये एक गृहस्थ "मी हिचा काका" म्हणत आले. मुलीचं काम करणाऱ्या छोटीला नर्सनी विचारलं, "हे तुझे काका का गं?" तिने मान डोलावली. मग नर्सनी माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि ही तुझी मावशी?" तिने तशीच मान डोलावली. घाबरलेलं मूल कशालाही हो म्हणतं. ओळख पटल्याशिवाय मूल कुणाच्याही हाती द्यायचं नाही, हा नियम सगळ्या कर्मचाऱ्यांना, अगदी गेटवरच्या रखवालदारालाही माहीत हवा, असं माझं ठाम मत झालं.

परत आल्यावर इमर्जन्सी ट्रॉलीत लहान मापाचे मास्क आणि उंचीवरून वजन काढायची ब्रोसलो टेप ठेवून घेतली. पुढचं ड्रिल रात्रपाळीत घ्यायचं ठरलंय, कारण तेव्हा माणसं सर्वांत कमी असतात.