नगारेवाल्याचे दीड तास

थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीचं सँडविच खायचं आणि हँडल या संगीतकाराच्या ‘मसाया’ला, म्हणजे येशूवरच्या गायन-वादनाच्या मोठ्या रचनेला जायचं, हा बॉस्टनमधला आमचा नेम. इथली हँडल अँड हायडन सोसायटी १८५४ पासून दर वर्षी तो सादर करते.

खरं तर हा नुसता नाताळचा कार्यक्रम नव्हेच. येशूचा जन्म येतो पहिल्या भागात. पुढे दुःखभोग, मरण, पुनरुत्थान. हँडलनं १७४१ साली २४ दिवसांत हे लिहून काढलं आणि १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये ते पहिल्यांदा झालं. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती होती. (आमच्या रांगेतल्या फुगीर जॅकेटांसाठीही कुणीतरी ती करायला हवी.)

पण मी हल्ली जातो ते मागच्या कोपऱ्यातल्या एका गृहस्थासाठी. तो टिंपनी, म्हणजे कढईच्या आकाराच्या ढोलांची जोडी, वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, बसतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘हालेलुया’ हे समूहगान येईपर्यंत त्याला एकही ठोका नाही. दीड तासाहून जास्त! गाणारे उठतात, बसतात, व्हायोलिनवाल्यांना तर श्वास घ्यायला सवड नसते, आणि हा मांडीवर हात ठेवून, आपल्याकडे लग्नात नवऱ्यामुलाचे काका बसतात तसा.

‘‘बसायचे पैसे वेगळे मिळतात का रे ह्याला?’’ बायकोनं पहिल्या वर्षी कानात विचारलं होतं.

पण नीट पाहिलं तर तो रिकामा नसतो. इथे वाद्यं जुन्या घडणीची, टिंपनीला कातडं. हॉलमधली हवा बदलली की ते उतरतं-चढतं. मग तो मधूनच वाकतो, कान कातड्याला जवळजवळ टेकवतो, बोटानं हलकेच टिचकी मारतो, खुंटी पिळतो. तबलजी हातोडी घेऊन करतो तेच, फक्त कुणाला ऐकू जाऊ न देता. सोयरीकही जुनीच आहे: ही जोडी युरोपात गेली ती पूर्वेकडून, आणि इंग्रजीत तिचं जुनं नाव ‘नेकर्स’, म्हणजे अरबी नक्कारा. आपला नगारा!

‘हालेलुया’ला सगळं सभागृह उभं राहतं. राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला होता म्हणे. त्याला त्या काळचा पुरावा नाही, तरी आम्ही उठतोच. नेमकं तेव्हाच पुढच्या उंच माणसाआड माझा नगारेवाला गडप होतो. ऐकू येतो, पोटात जाणवतो, दिसत मात्र नाही. सगळे खाली बसतात तेव्हा त्याचे हात पुन्हा मांडीवर. आता थेट शेवटच्या समूहगानापर्यंत सुट्टी.

पुढच्या वर्षी बाल्कनीची तिकिटं काढायची ठरलंय. अगदी पहिल्या रांगेतली.