अंदमानात ‘नको’ म्हणणारी माणसं

अंदमानहून आल्यापासून भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. खर्च किती आला आणि मगर दिसली का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळते. दुसऱ्याचं उत्तर असं, की मगर नाही दिसली, मगरीपासून सावध करणाऱ्या पाट्या मात्र जागोजागी दिसल्या.

मगरी तिथे खरोखर आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, खाड्यांमध्ये आणि तिवरांच्या गचपणात राहणाऱ्या. २०१० साली हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याशेजारी नील्स कोव्हमध्ये एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरला तर समुद्रातच जाळी लावून पोहण्यापुरता तुकडा वेगळा केलाय. लोक ती पाटी वाचतात, पाटीसोबत सेल्फी काढतात आणि खाडीच्या तोंडाशी जात नाहीत. मगरीला सगळे मान देतात. पाण्याला कोणी देत नाही, ही माझी तक्रार आहे आणि त्यासाठीच हे लिहायला बसलेय.

सोबत आई होती. वय अडुसष्ट, माहेर गुहागर. समुद्राशी तिचं नातं सासरच्या माणसांसारखं आहे: मान ठेवायचा, जवळ जायचं, पण विसंबून राहायचं नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधीच शिरत नाही आणि आम्हालाही शिरू देत नाही. लहानपणी याचा राग यायचा.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आता श्री विजयपुरम, आम्ही बघितलं. सेल्युलर जेलबद्दल मराठीत इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. आई सावरकरांच्या कोठडीत बराच वेळ उभी राहिली आणि बाहेर येऊन चहा मागितला, एवढंच सांगते.

तिथून हॅवलॉक. नकाशावर आता स्वराज द्वीप, बोलण्यात सगळ्यांच्या अजून हॅवलॉकच. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलेलं बेट हे, त्यामुळे गावांची नावं राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी. राधानगरचा किनारा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला आठवते ती तिथल्या जीवरक्षकाची शिट्टी. पिवळ्या टीशर्टातला तो मुलगा संध्याकाळभर शिट्टी फुंकत किनारा वर-खाली चालत होता, आणि लोक त्याच्याकडे ट्रॅफिक पोलिसाकडे बघावं तसं बघत होते. दोन पावलं मागे यायचं, त्याची पाठ फिरली की तीन पावलं पुढे.

आपल्याकडून गेलेल्यांना तिथे आणखी एक गोष्ट चकवते, ती म्हणजे अंधार. घड्याळ भारताचं, पण बेटं इतकी पूर्वेला की फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईत ती चहाची वेळ. लोक पाचला आरामात किनाऱ्यावर येतात, पाण्यात उतरतात, आणि बघता बघता काही दिसेनासं होतं. मग शिट्टी जोरात वाजते आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘काय कटकट आहे!’

मला अशा वेळी मुरूड आठवतं. १ फेब्रुवारी २०१६ला पुण्याच्या कॉलेजची सहल तिथे आली होती, १४ मुलं-मुली बुडाली. पाण्याला ओढ असते म्हणजे काय, हे आपल्या शाळांत कोणी शिकवत नाही. ती ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. लाटा फुटतात त्यांच्यामध्ये जो शांत, गुळगुळीत पट्टा दिसतो, तिथूनच पाणी परत समुद्रात जात असतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, लाटा नाहीत म्हणून. अडकलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. हे मला त्या शिट्टीवाल्या मुलानं सांगितलं. विचारलं तर किती नीट सांगतो! विचारणारी मी एकटीच होते की काय कोण जाणे, कारण तो बिचारा जरा खूश झाल्यासारखा वाटला.

आता नीलबद्दल, म्हणजे शहीद द्वीप. इथली गावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला समुद्रानं कोरलेली दगडी कमान आहे, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. फक्त ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं. वाट अशी नाहीच, सगळे मेलेल्या प्रवाळाचे खडक, त्यात खाचा, खाचांत साचलेलं पाणी, पाण्यात समुद्रकाकड्या, साळिंदरासारख्या काट्यांचे गोळे आणि नखाएवढे निळे मासे.

आम्ही गेलो तो दिवस पौर्णिमेचा. आईनं आदल्या रात्रीच हिशेब मांडला होता. कोकणात हा हिशेब पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती, आणि पूर्ण ओहोटी साडेपाच-सहाला. रिक्षावाला मात्र म्हणाला, “तीन बजे पहुँचना है आंटी, चार-सवा चार के बाद पानी घूम जाएगा.”

“हा पोरगा काहीतरीच सांगतोय,” आई मला म्हणाली. पण गेलो आम्ही तीनलाच.

तिथे एक म्हातारा वाटाड्या मिळाला. तो आईला माशीमा, म्हणजे बंगालीत मावशी, म्हणायचा आणि प्रत्येक डबक्यापाशी थांबून बोटानं काहीतरी दाखवायचा. एक शिंपला एवढा मोठा, की त्याच्या निळ्या-जांभळ्या ओठांवर सावली पडली तशी त्यानं फटदिशी तोंड मिटलं. कशालाही हात लावू नका, उचलू तर मुळीच नका, हे त्यानं दहा वेळा बजावलं. कमानीखाली पोचलो तर तिथे आपलीच माणसं. मोठं कुटुंब होतं, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, बोलण्यावरून ठाणे-डोंबिवलीकडचं. ग्रुप फोटो चालू होता. मग जोडप्यांचे फोटो. मग नुसत्या बायकांचे. मग पुन्हा सगळ्यांचे, कारण पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटले होते.

आई मात्र खाली बघत होती. दोन खडकांमधून हातभर रुंदीची एक घळ समुद्राकडे जात होती आणि तिच्यातून पाणी बाहेर चाललं होतं. त्या पाण्यावर एक वाळकं पान होतं. ते वाहत वाहत घळीच्या तोंडापर्यंत गेलं, तिथे थांबलं, जागच्या जागी गोल फिरलं आणि सावकाश आत यायला लागलं. आईनं घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते.

“चला,” ती म्हणाली. “फिरलं पाणी.”

“अगं, तुझ्या हिशेबानं तर अजून दीड तास आहे.”

“हिशेब गुहागरचा आहे. पाणी इथलं आहे. चल तू.”

तेवढ्यात वाटाड्यानंही सगळ्यांना हाकायला सुरुवात केली. त्या कुटुंबातले प्रमुख गृहस्थ म्हणाले, दोनच मिनिटं. तो म्हणाला, “नहीं दादा, अभी चलिए.” गृहस्थांनी शंभराची नोट काढली. म्हाताऱ्यानं नोटेकडे बघितलं आणि मान हलवली. “पैसा नहीं दादा. पानी.”

गृहस्थ आमच्याकडे वळले, मराठी ऐकलं होतं त्यांनी. “बघा ना काकू, यांचं हे असंच. पुढचं गिऱ्हाईक गाठायचं असतं, म्हणून आपल्याला घाई.”

“पुढचं गिऱ्हाईक आता कुठून येणार?” आई म्हणाली. “पाणी चढतंय. त्याचा आजचा धंदा संपला.”

यावर उत्तर नव्हतं, पण माणसं निघालीही नाहीत. आम्ही निघालो. येताना जे पाणी पावलं भिजवत होतं ते आता पोटरीला लागत होतं, आणि खरी अडचण खोलीची नव्हतीच. पाणी चढलं की खालचे खाचखळगे दिसत नाहीत. पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. म्हातारा पुढे काठीनं चाचपत होता आणि आई त्याच्या पावलावर पाऊल टाकत होती, मी आईच्या. वाळूवर पोचून मागे बघितलं तेव्हा ते कुटुंब कुठे निघालं होतं, आजींना दोघांनी दोन्हीकडून धरलेलं. म्हातारा एक शब्द न बोलता परत पाण्यात शिरला आणि त्यांना घेऊन आला.

सगळे सुखरूप आले, फक्त आजींचा गुडघा सोलवटला. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्याएवढी असते, पण त्यात प्रवाळाचे कण राहिले तर ती चिघळते, आठवडेच्या आठवडे भरत नाही. आईनं त्यांना दगडावर बसवलं, आमची पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली जखमेवर ओतली, चिमट्यानं दोन पांढरे कण काढले, बीटाडीन लावलं. आजी रडवेल्या झाल्या होत्या. गृहस्थ फोटो बघत होते. त्या म्हाताऱ्याला त्यांनी ठरलेल्यापेक्षा पन्नास रुपये कमी दिले, पूर्ण वेळ मिळाला नाही म्हणून. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि अजून आठवलं की कानशिलं तापतात.

रिक्षात बसल्यावर आईनं ड्रायव्हरला विचारलं, वेळ कशी काढतोस रे? त्यानं मोबाईल दाखवला, पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीचा तक्ता, महिन्याभराचा. आईनं पर्समधली छोटी डायरी काढून पुढच्या दोन दिवसांच्या वेळा उतरवून घेतल्या.

त्या वेळा कामाला आल्या, कारण दुसऱ्या दिवशी वारा सुटला, बोटी रद्द झाल्या आणि आम्ही नीलवरच अडकलो. जेटीवर नुसता गोंधळ. ‘हमारा फ्लाइट है’ हे वाक्य जितक्या भारतीय भाषांच्या हेलात ऐकता येईल तितक्यात ऐकलं. खिडकीतला कारकून जणू वारा त्यानंच सोडलाय असं लोक त्याच्यावर ओरडत होते. २०१४च्या २६ जानेवारीला पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटकांची बोट उलटून २१ जण गेले. २०१६च्या डिसेंबरात वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले, त्यांना काढायला नौदलाची जहाजं आली. एवढं झाल्यावर कोणी खिडकीतून नको म्हणत असेल तर त्याला हात जोडावेत. पण नाही. आपल्याला ‘नको’ हा भाव वाढवायचा प्रकार वाटतो.

खरी चीड येते ती टूरवाल्यांची. सकाळची बोट आणि दुपारचं विमान एकाच दिवशी ठेवणारे आराखडे सर्रास विकतात. स्कूबावालेही तसेच. डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हे आम्हाला विकताना कोणी सांगितलं नाही, पाण्यात उतरवणाऱ्या मुलीनं सांगितलं.

वाळूमाशांबद्दल मात्र कोणीच सावध केलं नाही. डोळ्यांना दिसत नाहीत, चावताना कळत नाही आणि रात्री घोट्यांवर पुरळ उठतं. खोबरेल तेल थापून बसा, असं नीलच्या खानावळवालीनं सांगितलं, तोवर माझे पाय खाजवून लाल झाले होते. आईला एकही चावली नाही. ती म्हणते तेल ती पहिल्या दिवसापासून लावतेय, मीच विचारलं नाही.

बोटी रद्द झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट सुटली ती चांगलीच हेलकावत. आदल्या दिवशी कारकुनावर ओरडणारे अर्ध्या तासात पिशव्यांत तोंडं घालून बसले. आईनं अ‍ॅव्होमिनची अख्खी पट्टी वाटली. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळाले. पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलनं मात्र आम्ही न राहिलेल्या रात्रीचे पैसे कापलेच, वर वारा हा त्यांचा प्रश्न नाही असंही ऐकवलं. पुन्हा गेले तर विमानाआधी दोन रात्री मोकळ्या ठेवणार आहे, आणि हॉटेलशी आधीच भांडून घेणार आहे.