यशिका मॅट-१२४जी: सहाव्या रोलनंतरची नोंद

सहावा रोल काल रात्री धुतला. रीलवरून सोडवून दिव्यासमोर धरला तेव्हा बाराच्या बारा फ्रेम नीट दिसल्या आणि त्यांची घनताही सारखी होती. पहिल्या तीन रोलना हे जमलं नव्हतं. मधल्या काळात काय काय केलं ते लिहून ठेवते, म्हणजे अशी जुनी टीएलआर (एकावर एक दोन लेन्स असलेला फिल्म कॅमेरा) घेणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

१२४जी बनली १९७० ते १९८६. म्हणजे शेवटच्या वर्षातला नगसुद्धा आता चाळिशीला आलाय. माझा नग विकणाऱ्याने "सगळे स्पीड ओके" म्हणून दिला. शटर प्रत्येक स्पीडला उघडत-मिटत होतं, तेवढं पाहून मी पण समाधान मानलं.

पहिल्या रोलचं थोडक्यात सांगते. मागच्या झाकणातली प्रेशर प्लेट, म्हणजे फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी, सरकवता येते. एक जागा १२० फिल्मसाठी (१२ फ्रेम) आणि एक २२० साठी (२४ फ्रेम). २२० फिल्म १९६५ मध्ये आली. तिच्यामागे कागद नसतो आणि लांबी दुप्पट असते, म्हणून प्लेटची जागा वेगळी. माझी प्लेट आधीच्या मालकाने २४ वरच ठेवलेली, आणि मी न बघता १२० चढवला. क्रँक जड लागत होती, काउंटर बारानंतरही थांबेना, तेव्हा लक्षात आलं. आता रोल घालण्याआधी प्लेटवरचा आकडा वाचते.

दुसऱ्या रोलमध्ये संध्याकाळचे, ट्रायपॉडवरचे फोटो होते. एक सेकंद, अर्धा सेकंद असे. निगेटिव्ह इतकी दाट आली की आकाशात काही उरलंच नाही. मग फोन काढला. मागचं झाकण उघडं ठेवलं, समोरून दिवा लावला आणि फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर टिपलं. एका सेकंदाला साधारण २४० फ्रेम उजळ दिसायला हव्यात. मी एकेक पुढे सरकवत मोजल्या, ३८६ भरल्या. म्हणजे जवळजवळ १.६ सेकंद, पाऊण स्टॉपच्या आसपास जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). अर्ध्या सेकंदालाही तोच प्रकार. १/३० ला मात्र आठच्या जागी आठ. १/१२५ ला दोनच फ्रेम मिळतात, त्यामुळे तिथून पुढे ही पद्धत चालत नाही.

कारण समजून घेतलं तर हे आकडे बरोबर जुळतात. या कॅमेऱ्यातल्या कोपाल शटरमध्ये स्लो स्पीडसाठी छोट्या दातेरी चाकांची वेगळी गाडी असते, ती पात्यांना मिटण्यापासून थोपवून धरते. त्यातलं वंगण वर्षानुवर्षं पडून घट्ट होतं आणि गाडी रेंगाळते. वरच्या स्पीडना मुख्य स्प्रिंगच काम करते, म्हणून ते बरे असतात. मी एक सेकंदावर वीसेक वेळा शटर मारलं तर वेळ १.३ वर आली. चार दिवस कॅमेरा तसाच ठेवला, पुन्हा मोजलं, परत १.६. म्हणजे व्यायामाने हे दुखणं बरं होत नाही, गाडी उघडून साफच करावी लागते. पुढून लायटरचं पेट्रोल सोडायचा सल्ला बरेच जण देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, करू नका. सुटलेलं तेल पात्यांवर पसरतं आणि मग पातीच चिकटतात.

तिसरा रोल पोर्ट्रेटचा. एफ/३.५ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एक मीटरच्या थोडं पुढून. हूडमधल्या (कॅमेऱ्याच्या वरच्या, फोकस बघायच्या झाकणातल्या) भिंगातून पापण्या अगदी लख्ख दिसत होत्या, निगेटिव्हवर मात्र कान शार्प आणि डोळे मऊ. फोकस वरच्या लेन्समधून होतो आणि फोटो खालची लेन्स काढते, दोघींचं जमत नसेल तर असंच होणार. खात्री करायला फिल्म जिथून सरकते त्या आतल्या पट्ट्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवला, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ते सेटिंग) उघडं धरलं आणि एका छापील पानावर दोन्हीकडून फोकस पाहिला. वर अक्षरं स्पष्ट, खाली धूसर. एफ/८ ला हा फरक झाकला जातो, म्हणून आधीच्या रोलवर दिसला नव्हता. काचेऐवजी चिकटपट्टी लावू नका, ती मध्ये झोल खाते.

दोन्ही कामं एका मेकॅनिककडे दिली, सोबत माझं मोजमापाचं पान. कॅमेरा परत आला तो एक सेकंदाला २५१ फ्रेम दाखवत. वरची लेन्सही जुळवून दिली.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा नाद मी सोडलाय. तो १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या पीएक्स६२५ सेलवर बेतलेला, आणि तो सेल आता बनत नाही. श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल रिंगमध्ये बसवला तर व्होल्टेज जवळपास जुळतं, पण त्याचा स्टिकर काढला की काही आठवड्यांत संपतो. हातातला मीटर बरा.

आता हूडच्या आत एक कागदी चिठ्ठी चिकटवली आहे. डायलवर काय लिहिलंय आणि माझ्या नगात प्रत्यक्ष किती, एवढे दोनच रकाने. डायलवरचे आकडे कारखान्यातून निघतानाचे आहेत, माझ्या कामाचे आकडे या चिठ्ठीत आहेत. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरवलंय.

सहावा रोल एचपी५ प्लस फिल्मचा, आयडी-११ डेव्हलपरमध्ये १+१ (तितकंच पाणी घालून), २० अंशाला १३ मिनिटं. सातवी फ्रेम एक सेकंदाचीच होती, खिडकीशेजारी ठेवलेली काचेची बरणी. बरणीच्या कडेवरचा उजेड आणि आतलं पाणी, दोन्ही वेगवेगळे दिसतात. ५६ मिलिमीटरच्या चौकोनात ते भिंगाखाली पाहताना मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही.

एक गोष्ट अजून राहिली आहे. चौथ्या आणि पाचव्या फ्रेममधली फट बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे, जेमतेम दोन मिलिमीटर. एक वाया गेलेला रोल चढवून, झाकण उघडं ठेवून, प्रत्येक वाइंडला फ्रेमच्या कडा पेनने आखून बघणार आहे. सातवा रोल त्यानंतरच.