रोग आला आणि मी खूश झाले

"मॅडम, तेरा नंबरच्या कुंड्या गेल्या हो!" ग्रीनहाऊसच्या दारातच काकांनी गाठलं. काका मूळचे नांदेडकडचे, आता आमच्या हैदराबादच्या कुंड्या सांभाळतात. भाताचं पान वाळलं की त्यांचा चेहरा उतरतो. "बी तर नाही ना बदललं कुणी?"

तेरा नंबर म्हणजे आयआरबीबी१३, कडा करप्याच्या आमच्या नेहमीच्या जंतूला दाद न देणारा भात. पंधरवड्यापूर्वी जंतूंच्या द्रावणात कात्री बुडवून आम्ही पानांचे शेंडे छाटले होते. एरवी या भातावर करपा शेंड्यापाशीच अडतो. त्या दिवशी मात्र वाळल्या गवताच्या रंगाची, नागमोडी कडेची पट्टी निम्म्या पात्यापर्यंत उतरली होती. विद्यार्थिनी मोजपट्टी लावून मोजत होती आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिण्याआधी माझ्याकडे बघत होती.

हा जंतू, झँथोमोनास ओरायझी, भाताच्या पेशीत पीटीएचएक्सओ१ नावाचं प्रथिन सोडतो. ते केंद्रकात शिरतं, डीएनएला वेटोळं घालून स्वीट११ जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या खटक्यावर, बसतं. जनुक जागं झालं की पेशीतली साखर बाहेर झिरपते आणि जंतूचं फावतं. तेरा नंबरमध्ये प्रमोटरचा तेवढाच तुकडा वेगळा आहे. प्रथिनाला टेकायला जागा नाही. मग जनुकच काढून टाकावं तर तेही जमत नाही, कारण पराग नीट तयार व्हायला ते लागतं.

हे प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. एकेक मणी साधारण ३४ अमिनो आम्लांचा, सगळे जवळजवळ सारखे. फरक असतो तो १२व्या आणि १३व्या जागी. तिथल्या अमिनो आम्लांची जोडी एचडी असेल तर मणी डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी (बेसपैकी) सी धरतो, एनआय असेल तर ए, एनजी असेल तर टी. एनएन जी धरतो, पण ए दिसला तरी पाघळतो, त्यामुळे तो ओवताना मला नेहमी धास्ती वाटते. जर्मनीतल्या हाले आणि अमेरिकेतल्या आयोवा इथल्या गटांनी ही लिपी २००९ मध्ये स्वतंत्रपणे उलगडली. २०१२ मध्ये अशा प्रथिनांच्या स्फटिकरचना आल्या तेव्हा कळलं, की बेसला भिडतो तो १३वाच. १२वा नुसतं वळण सावरून धरतो.

आम्ही केलं ते इतकंच: तेरा नंबरच्या प्रमोटरमध्ये एका टीच्या लगतचा तुकडा निवडला, त्याबरहुकूम नवी माळ ओवली आणि स्वतःचं पीटीएचएक्सओ१ गमावलेल्या, म्हणून लुळ्या पडलेल्या जंतूला दिली. माळ न दिलेला तोच लुळा जंतू लावलेल्या कुंड्या शेजारच्याच रांगेत हिरव्यागार होत्या.

तरी काकांची शंका रास्त होती. त्याच रोपांची पानं घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची ओळख पटवणारी चाचणी, लावली. पट्टा तेरा नंबरचाच आला. संध्याकाळी आरएनए, म्हणजे चालू जनुकाची नक्कल, तपासला, तर स्वीट११ धो धो चालू. मी टेबलावर थाप मारली. रोगट भात बघून इतका आनंद झालेली बाई काकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

रात्री मात्र वेगळंच डोक्यात घोळायला लागलं. आम्ही प्रयोगशाळेत जे ओवलं, ते जंतू शेतात स्वतःच करू शकतो. त्याच्या काही जाती स्वीट११ सोडून स्वीट१४ हे त्याचंच भावंड जनुक उघडतातही. म्हणून तर २००८ च्या सुधारित सांबा मसुरी भातात एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ अशी करपा अडवणारी तीन जनुकं एकत्र घातली आहेत. सकाळी विद्यार्थिनीला म्हटलं, "आता स्वीट१४ साठीची माळ ओवायला घे." काकांनी रोगट कुंड्या ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राकडे, नेल्या आणि विचारलं, "पुढच्या खेपेला किती कुंड्या भरू?"