मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर जागा आवळली, माझा अनुभव

ऑपरेशन ओपन पद्धतीचं होतं, कोंब बरेच मोठे होते म्हणून कापूनच काढावे लागले. जखम भरली, ड्रेसिंग संपलं, मी परत पोहे-शेववर आलो. (इंदूरात राहून शेव सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरला काय म्हणावं.) पण नंतर काही महिन्यांत मोशन बारीक होत गेली, अगदी पेन्सिलीसारखी, बसलं की उठायचं नावच नाही आणि जोर लावला की रक्त. घरात एकच संडास, बाहेरून आईच्या हाका, अहो बाहेर या म्हणून बायकोचं वेगळंच.

आधीच्या डॉक्टरांकडे गेलो तर तपासलं पण नाही, बद्धकोष्ठ आहे म्हणाले आणि रात्री घ्यायला चूर्ण दिलं, सोनामुखीचं. सकाळी पाण्यासारखं व्हायचं, निघून तर जातंय ना म्हणून मीही खूश!

मग रामबागेतल्या मावशींच्या ओळखीने दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी जेली लावून तपासायला घेतलं तर करंगळीसुद्धा जाईना, मी टेबलावर ओरडलोच. म्हणाले एनल स्टेनोसिस आहे, म्हणजे गुदद्वार आवळलंय, दोन जखमांच्या मधे तिथल्या नाजूक कातडीची पट्टी ठेवावी लागते, ती पुरेशी उरली नाही की भरताना व्रण आकसत जातो. आणि चूर्णाचं ऐकून तर कपाळालाच हात लावला. बांधलेली मऊ मोशनच रोज ती जागा आपोआप ताणून मोकळी ठेवते, सतत पातळच करत राहिलं तर ती अजून आवळते, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

चूर्ण बंद, इसबगोल सुरू, आपल्या नीमच मंडीचंच, वर भरपूर पाणी. रक्त जात होतं म्हणून भूल देऊन आतून दुर्बिणीने बघितलं, तेव्हाच थोडी जागा मोकळी केली. मग घरी डायलेटर, म्हणजे जागा हळूहळू ताणायची गुळगुळीत कांडी, बारीकपासून जाडपर्यंत नंबर असतात. गरम पाण्याच्या टबात बसायचं, मग लिग्नोकेनची बधिर करणारी जेली लावून कुशीवर पडून हळूहळू, श्वास सोडत. पहिल्यांदा लाजेने जीव जातो, नंतर दात घासण्यासारखं होतं. मधल्या नंबरवर अडकलो तेव्हा शेजारची कातडी सरकवून लावायचं ऑपरेशन, एनोप्लास्टी, करावं लागेल असं म्हणाले होते, पण हळूहळू पुढचा नंबर जायला लागला आणि ते टळलं. आता डायलेटर अधूनमधूनच लागतो, इसबगोल मात्र रोज. शेव खातो, पण लवंगवाली नाही.