कुरकुर

परवा दुपारी भाचीचा व्हॉइस मेसेज आला. चांगला लांबलचक. ती थायलंडमध्ये, सुरीन प्रांतातल्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. एवढं काय झालं असेल म्हणून मी कूलरसमोरून उठून ओसरीत आले (आषाढ लागला तरी कूलर अजून काढलेला नाही), तर सगळा मेसेज झेरॉक्स मशीनबद्दल. मशीनच्या खोलीला कुलूप. किल्ली हिशेबाच्या बाईंकडे. बाई जेवायला गेल्या की लवकर उगवत नाहीत. उगवल्या की विचारतात, इतक्या प्रती कशाला, फळ्यावर लिहून दे की. 'आत्या, मले चौथीच्या लेकरांसाठी हत्तीचं चित्र पायजे होतं. आता मी का फळ्यावर हत्ती काढू? तेही सुरीनमधी?'

तिचंही खरंच आहे. सुरीनमध्ये दर नोव्हेंबरात हत्तींचा मोठा उत्सव भरतो. तिथल्या पोरांपुढं वाकडा हत्ती काढायची सोय नाही.

मी मेसेज पुन्हा लावला आणि वहिनीला हाक मारली. 'पोरगी रुळली बरं.'

वहिनी हातातली चाळणी तशीच घेऊन आली, कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. 'कायची रुळली? रडून रायली थे!'

तर हा माझा जुना हट्ट आहे. नव्या जागी गेलेला माणूस फोनवर 'सगळं छान' म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. पाहुणा कुठं तक्रार करतो? भाजीत मीठ कमी असलं तरी तो दुसऱ्यांदा वाढून घेतो. घरचा माणूस पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतो. म्हणून कुणी कुठं स्थिरावलं की नाही, हे मी त्याच्या पगारावरून किंवा खोलीच्या फोटोवरून ठरवत नाही; त्याची कुरकुर कशाबद्दल आहे ते ऐकते. आणि ती जितकी क्षुल्लक, तितकी मी निश्चिंत.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर बोलण्याची सुरुवातच कुरकुरीनं होते. ऊन, विजेची डीपी, कापसाचा भाव, एसटी. दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा तिच्या चालीवर दोन पिढ्यांनी तोंडसुख घेतलं. आता गाडी बंद आहे, आणि त्याच पिढ्या ती सुरू होत नाही म्हणून बोलतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, हे लोक किती त्रासलेले आहेत. आहेतच. पण त्यात मुक्कामाला असल्याची एक ऐटही असते.

भाची गेली तेव्हा मे महिना होता. तिकडच्या शाळा मेच्या मध्यात उघडतात. आमच्याकडे तेव्हा कैरीचं पन्हं चालू असतं आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जून सरत आल्यावर भरतात. त्याआधी ती तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. मानधन कधी यायचं, कधी नाही. मग तिनं 120 तासांचा एक ऑनलाइन कोर्स केला, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीची टोइक परीक्षा दिली, आणि एक दिवस घरात कंत्राटाचा कागद आला. त्यावर साल होतं 2568. वहिनी मटकन खाली बसली. इतकी वर्षं पोरगी अडकवून ठेवणार! तिकडं बौद्ध संवत चालतो, तो आपल्या सालाच्या 543 वर्षं पुढं आहे, हे समजावून सांगेपर्यंत दोन चहा झाले. तरी तिचा पूर्ण विश्वास बसलाय असं मला वाटत नाही.

पहिले काही आठवडे सगळं 'मस्त' होतं. खोली मस्त, मुलं मस्त, जेवण मस्त. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली पोर तिथं तिन्ही त्रिकाळ भात खाऊन जेवण मस्त म्हणते म्हणजे काय? तिखटाची मात्र तिला खरंच अडचण आली नसावी. कच्च्या पपईची कोशिंबीर तिकडं उखळीत मिरच्या घालून कुटतात, आणि त्या मिरच्यांपुढं आपला ठेचा सौम्य वाटतो म्हणे. ही बढाई असेल. पण 'मस्त' म्हणून ती फोन लवकर ठेवायची, ते मला आवडत नव्हतं.

मी स्वतः पहिल्या नोकरीवर गेले ती मेळघाटात. डी.एड. झालं आणि धारणी तालुक्यातलं कोरकू आदिवासींचं एक गाव मिळालं. परतवाड्याहून एसटी निघायची, सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचायची, आणि तिथून पुढं पायी किंवा ज्याची बैलगाडी असेल त्याची मेहेरबानी. गाव सुंदर. समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधून सरळ रस्ता, भिंती पोतेरा मारून स्वच्छ. मी नर्सबाईंच्या खोलीत राहायची. शाळेत मुलं यायची, बसायची, माझ्याकडे टक लावून पाहायची आणि एक शब्द बोलायची नाहीत. त्यांची बोली कोरकू, माझी वऱ्हाडी, पुस्तकाची तिसरीच. मी समुद्राचा धडा वाचायची. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला, पण ते मी कशाला सांगू?

रात्री कंदिलाच्या उजेडात निळं आंतरदेशीय पत्र लिहायला बसायची. 'ती. बाबांना सा. न. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. गाव चांगले आहे. काळजी नसावी.' पत्राची जागा संपायच्या आत मजकूर संपायचा. उरलेल्या जागेत मी घरच्या प्रत्येकाला नाव घेऊन नमस्कार आणि आशीर्वाद लिहायची, गाईलासुद्धा.

पुढं कधीतरी एका पत्रात मी बकरीबद्दल लिहिलं. शाळेच्या शेजारच्या म्हातारीची बकरी होती, ती भर तासाला वर्गात यायची, आणि मुलं माझं ऐकायचं सोडून तिच्याकडे पाहायची. एकदा तिनं हजेरीपटाचा कोपरा खाल्ला. मी म्हातारीकडे भांडायला गेले. ती कोरकूत भांडली, मी वऱ्हाडीत. दोघींचं समाधान झाल्यावर तिनं मला पदराखालून मूठभर वाळलेली मोहफुलं दिली. हे सगळं, शिवाय हापशीच्या कुरकुरणाऱ्या दांड्याबद्दल आणि नर्सबाईंच्या घोरण्याबद्दल, मी बारीक अक्षरात घडीच्या कडेपर्यंत लिहिलं. आई म्हणे ते ऐकून रडली. बाबांनी पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले, आता तिची बदली मागायची गरज नाही. तेव्हा माझा हट्ट माझा नाहीच, बाबांचा आहे.

भाचीच्या वर्गातली बरीच मुलं घरी ख्मेर (शेजारच्या कंबोडियाची भाषा) बोलतात, शाळेत थाई, आणि तिसरी ही इंग्रजी. ख्मेर आणि कोरकू या एकाच भाषाकुळातल्या, हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं. सातपुड्यातली माझी गप्प बसणारी पोरं आणि तिकडची तिची पोरं लांबची का होईना, भावकी निघाली. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, 'म्हणूनच दोघांनी आपल्याले छळलं.'

इंग्रजी तिला पहिल्यांदा मीच शिकवली. 2000 साली राज्यानं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली आणि आम्हा गुरुजी-बाईंची तारांबळ उडाली. ए फॉर ॲपल. आमच्या गावात सफरचंद फक्त आजारी माणसासाठी यायचं, त्यामुळं चित्र पाहिलं की पोरं विचारायची, बाई, कोण दवाखान्यात आहे? 'हाऊ आर यू' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा: आय ॲम फाइन, थँक यू, अँड यूऽऽ? भाचीनं तिच्या वर्गाचं रेकॉर्डिंग पाठवलं, तर अगदी तोच सूर, शेवटच्या यूवरची उडीसुद्धा तीच. मध्ये भारत सोडून किती समुद्र आणि डोंगर आहेत, आणि हे गाणं तिथं कुणी नेलं?

तिच्या वर्गात एकाला ताप होता. डोळे लाल, मान बाकावर टेकलेली. तिनं विचारलं, हाऊ आर यू, आणि त्यानं मान न उचलता उत्तर दिलं, आय ॲम फाइन थँक यू अँड यू. त्या दिवसापासून तिनं 'फाइन' बंद केलं. दुसरं काहीही चालेल, पण खरं सांगायचं. आय ॲम हॉट. आय ॲम स्लीपी. माय शू इज वेट. पोरांना गंमत कळली. बीअर नावाच्या मुलानं (तिकडं टोपणनावं अशीच असतात, बँक, गोल्फ, आइस; वहिनी 'व माय!' म्हणून तोंडावर हात ठेवते, पण आमच्या गल्लीत धोंड्या आणि कचरू आहेत ते ती विसरते) उभं राहून सांगितलं, टीचर, आय ॲम हंग्री, अँड टुडे लंच नॉट गुड. व्याकरण चुकलं, पण मी तिच्या जागी असते तर पूर्ण गुण दिले असते.

जूनमधल्या एका गुरुवारी त्यांच्याकडं गुरुवंदनेचा दिवस झाला. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि शिक्षकांपुढं तबकं ठेवतात. तबकात वांग्याचं फूल, लाल झुपक्याची फुलं आणि दूर्वा. दूर्वा अशासाठी, की तुडवली तरी मरत नाही आणि भराभर पसरते, तशी विद्या पसरावी. फोटो पाहून भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'हराळी? अन् तेही पायावर?' त्याचा निम्मा जन्म वावरातली हीच हराळी खणण्यात गेला.

झेरॉक्सच्या मेसेजनंतर कुरकुरीला ऊतच आलाय. सकाळच्या झेंडावंदनाला मुख्याध्यापक माइक सोडत नाहीत. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायला इमिग्रेशनकडं. इंग्रजी देशाचा पासपोर्ट असलेल्या सहकाऱ्याला पगार जास्त, आणि ही त्याच्यापेक्षा स्पेलिंग बरोबर लिहिते. मी सगळं ऐकते, हुंकार भरते, अधूनमधून तेल ओतते. वहिनी अजून घाबरते.

इकडं मृगाचा एक पाऊस पडला, त्याच्या भरवशावर भावानं सरकी लावली, आणि मग पावसानं दडी मारली. निघालेलं सगळं करपलं. आता दुसऱ्यांदा बियाणं आणायचं, आणि कृषी केंद्रावरची मागचीच उधारी बाकी आहे. मी म्हटलं, पोरीला सांगितलंस का? 'तिले कायले सांगतं? थे का तिथून पाणी पाडनार हाय?'

रविवारी व्हिडिओ कॉल झाला. तिनं विचारलं, बाबा, पाऊस कसा आहे. 'मस्त,' भाऊ म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला.